गहिनीनाथ टबात उतरला

अहो, आमचा कोपरगावचा गहिनीनाथ म्हणजे खाली सांडलेला भाकरीचा तुकडासुद्धा उचलून कपाळाला लावणारा शेतकरी. त्याला घेऊन आम्ही चार म्हातारे जीपनं नाशिककडं वायनरी बघायला गेलो. तिथं लोक मोठ्या टबात उतरून द्राक्षं तुडवत होते. गहिनीनाथला हौस तर लई, पण पाय उचलेना.

"अन्नाला पाय लावू व्हय?"

मी म्हटलं, "खळ्यात कणसांवर बैलांमागं चालायचास, तेव्हा काय करायचास?"

"आधी पाया पडायचो."

"मग पड की लेका!"

त्यानं पाय धुतले, टबाला वाकून नमस्कार केला, धोतर खोचलं अन् असा नाचला की बास! मागं रांगेत उभी असलेली पुण्याची पोरंपोरीसुद्धा मग नमस्कार करूनच टबात उतरू लागली.