खांडेनवमीला बंद केलेली पेटी

देवीवर विश्वास आहे का, असं कुणी विचारलं की मी आजही पटकन हो म्हणत नाही. आधी जरा थांबतो. कारण ज्या आठवड्यात मी तिला सर्वांत जास्त हाका मारल्या, त्याच आठवड्यात तिच्याच नावाखाली एक मोठं पाप पचवायला निघालो होतो. ते पाप कसं घडलं आणि घशातून बाहेर कसं निघालं, एवढंच इथे लिहायचं आहे. यात चमत्कार आहे की नाही हे वाचणाऱ्यानं ठरवावं. मला ते अजून ठरवता आलेलं नाही.

ऐंशीच्या दशकाच्या मध्याची गोष्ट. नागपूरला सरकारी लस भांडारात मी भांडारपाल होतो. लहान मुलांना गोवराची लस टोचायचं काम आमच्याकडे नुकतंच सुरू झालं होतं. दिल्लीत सरकारचा आणि एका आंतरराष्ट्रीय संस्थेचा करार झाला आणि त्यातून लस थंड ठेवणारी एक भलीमोठी पेटी आमच्याकडे आली. जहाजानं मुंबई, तिथून ट्रकनं नागपूर. पेटी त्यांची, वीज आपली, माणसं आपली, असा मामला होता. संस्थेच्या एक परदेशी डॉक्टरीणबाई आम्हाला शिकवायला आल्या. मोडक्या हिंदीत त्यांनी बजावलं की दिवसातून दोनदा तापमान पाहून तक्त्यावर लिहायचं. ही लस तापली की मेली, आणि मेलेली लस दिसायला अगदी जिवंत लशीसारखीच असते. माझं अक्षर चांगलं. माझा तक्ता पाहून बाई खूश झाल्या आणि आमच्या साहेबांनी तो सगळ्यांना दाखवला. त्या दिवशी घरी जाऊन मी बायकोला ही गोष्ट तीनदा तरी सांगितली असेल.

माझे वडील गिरणीत फिटर होते. खांडेनवमीला ते आपले पाने, हातोड्या धुऊनपुसून पाटावर मांडायचे, हळदकुंकू वाहायचे. पूजलेल्या हत्याराला त्या दिवशी विसावा, त्याच्याकडून काम घ्यायचं नाही, हा आमच्या घरचा नेम. त्या वर्षी खांडेनवमीला मी पेटीची पूजा मांडली. पेटीवर हळदीनं स्वस्तिक काढलं, झेंडूची माळ घातली. आणि वडिलांची आठवण येऊन बटण बंद केलं. एवढी राबते बिचारी, तासभर विसावा घेऊ दे म्हटलं. बाईंनी शिकवलेलं मला पाठ होतं, पण तासाभरानं काही बिघडत नाही हेही त्यांनीच सांगितलं होतं. आरती झाली, पेढे वाटले, आणि शेजारचा माणूस सायकलवर धापा टाकत आला. माझी चार वर्षांची मंगल तापानं फणफणून बेशुद्ध झाली होती. मी खोलीला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि धावलो.

धंतोलीतल्या एका धर्मादाय दवाखान्यात मंगलला भरती केलं. छातीत कफ भरला होता, श्वास घेताना तिच्या बरगड्या आत जात होत्या. दसरा मी तिच्या खाटेपाशी काढला, त्याचा दुसरा दिवसही. कोराडीच्या जगदंबेला मी नवस बोललो, रागावलो, पुन्हा पाया पडलो. पेटी एकदाही आठवली नाही. भांडाराची एकुलती किल्ली मात्र सगळा वेळ माझ्या खिशात मांडीला टोचत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी लस घेऊन कोराडीच्या पलीकडच्या तीन गावांना जायची होती, म्हणून मी लवकर भांडारात गेलो. दार उघडलं तर आतून आवाज नाही. पेटीवरची माळ वाळली होती. झाकण उचललं तेव्हा आतून खोलीतल्यासारखीच ऊब आली. पेटीच्या भिंतींतल्या बर्फाच्या नळ्यांचं पाणी झालं होतं. ऑक्टोबरचं नागपूर, अडीच दिवस. मी खाली बसलो. मग उठलो आणि जे केलं ते अजूनही लिहवत नाही, पण लिहितो. बटण सुरू केलं. तक्त्यावर अडीच दिवसांचे आकडे भरले, माझ्या त्याच सुंदर अक्षरात. वाळलेली माळ काढून खिशात कोंबली. बाजारातून बर्फाची लादी आणवली, लशीच्या कुप्या डब्यात रचल्या आणि ड्रायव्हरला सांगितलं, "लाईट गेली होती, म्हणून बर्फ जमला नाही." माझी नोकरी डोळ्यांपुढे होती, दवाखान्यातली पोर होती. त्याहून मोठी भीती वेगळीच होती. हे कळलं तर संस्था पेटी परत नेईल, साऱ्या जिल्ह्याचं नाक कापलं जाईल आणि ते माझ्यामुळे. गाडी फाटकातून बाहेर पडताना मी हात जोडले आणि म्हटलं, आई, तूच सांभाळून घे.

त्या दिवशी दुपारी मंगलचा ताप उतरला. मला वाटलं, देवीनं माफ केलं. इतका मी हलकट झालो होतो.

संध्याकाळी दवाखान्याच्या व्हरांड्यात बसलो होतो. शेजारी एक म्हातारी येऊन बसली. मंगलच्या खाटेपासून तिसऱ्या खाटेवर तिची नात होती, सुमी. गोवर छातीत उतरला होता. दोन दिवस आम्ही एकमेकांना पाणी आणून देत होतो, एवढीच ओळख.

"तुही पोरगी कशी हाय गा?" तिनं विचारलं.

"आज ताप उतरला, आजी."

"बरं झालं. मायी गेली." ती डोळे पुसतही नव्हती. मग म्हणाली, "आमच्या गावात आज सुईवाले आले म्हणते. सुमीले उशीर झाला. पण बाकीचे लेकरं तरी वाचतीन. देवीनंच धाडली गा ती गाडी."

मी गावाचं नाव विचारलं. तिनं सांगितलं. सकाळी मी माझ्या हातानं लिहिलेल्या यादीत ते तिसरं होतं.

मी रडायला लागलो. लहान मुलासारखा, आवाज करून. जिची नात आजच गेली ती बाई माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. "रडू नको बापू. तुही तर चांगली हाय न आता." मग तिनं पदराची गाठ सोडली, कोराडीच्या देवळातलं कुंकू कागदाच्या पुडीत होतं, ते माझ्या हातात दिलं. "माया पोरीले नाही लागलं. तुह्या पोरीले लाव."

ती पुडी घेऊन मी मंगलच्या खाटेपाशी गेलो, पण तिच्या कपाळाला बोट लावायचं धैर्य होईना. आल्या पावली मागे फिरलो. कुठे जातोय हे पायांना माहीत होतं, मला नव्हतं. साहेबांच्या घरी पोचलो तेव्हा ते देवापुढे दिवा लावत होते. मी दारातच सगळं ओकलो. त्यांनी एकच विचारलं, "आणि तक्ता?"

"खोटा आहे, साहेब."

त्यांनी लगेच संस्थेच्या बाईंना बोलावणं धाडलं. मोहिमेसाठी त्या तेव्हा नागपुरातच विश्रामगृहात होत्या. माझ्यावर ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "कितने गाँव?" मी म्हटलं, तीन. त्यांनी फोन मागितला. शेजारच्या जिल्ह्याच्या भांडारातून नवी लस निघायची व्यवस्था झाली, जीप साहेबांनी दिली, बर्फाचे डबे बाईंनी. साहेब हळूच म्हणाले, "गावात सांगू की हा दुसरा डोस आहे." मी म्हटलं, "साहेब, मी सांगतो काय झालं ते."

नवी लस यायला एक दिवस गेला. पहिल्या दोन गावांत शिव्या खाल्ल्या. एकानं माझी गचांडी धरली, साहेबांनी सोडवली. पण लोकांनी पोरं आणली. तिसऱ्या गावात कुणी हलेना. देवळासमोर मी उभा राहून सांगितलं की परवा टोचलेली लस माझ्या चुकीनं मेलेली होती, आणि मी ते लपवलं होतं. एक माणूस ओरडला, "तवा पाणी टोचून गेले, आता काय जहर देता?" बायकांनी पोरं पदराखाली घेतली. परदेशी बाई उन्हात डबा धरून उभ्या होत्या. साहेब मान खाली घालून बसले.

तेव्हा ती म्हातारी आली. घरात सुतक होतं, म्हणून देवळापासून लांबच, निंबाखाली थांबली. कडेवर वर्षाचं लेकरू होतं, सुमीचा भाऊ. मला बघून तिनं ओळखलं.

"त्या दिवशी तू काहून रडत होता, ते आता समजलं मले," ती म्हणाली.

माझी मान वर होईना. तिनं मला दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण ती गावाकडे वळून म्हणाली, "चुकला तो. पण सांगाले आला. कोन येते सांगाले?" आणि लेकरू पुढे करून म्हणाली, "याले द्या पयले."

त्या लेकराला सुई टोचली, ते रडलं, आणि मग एकेक बाई उठली. गावाच्या टोकाची दोन घरं मात्र शेवटपर्यंत उघडली नाहीत. मी दोन्ही दारांशी जाऊन हात जोडले. आतून कडी होती. माघात त्या गावात गोवर आला आणि त्या दोनपैकी एका घरातली मुलगी गेली. माझ्या खोट्यानं तिच्या बापाचा विश्वास उडाला होता, म्हणून गेली. हे मला कुणी म्हणालं नाही. म्हणायची गरजही नाही.

मी निलंबित झालो. पुढे परत घेतलं, खालच्या पदावर. पेटी मात्र संस्थेनं नेली नाही. बाईंनी तिच्या बटणावर लोखंडी झाकण बसवून घेतलं, आणि आमच्या साहेबांनी तक्त्यावर दोघांच्या सह्या सुरू केल्या.

त्या गावातून परतलो त्या संध्याकाळी मी पुडी उघडली आणि मंगलला कुंकू लावलं. ती झोपेत होती. आज ती संसाराला लागली आहे, थंडीत तिला अजून दम लागतो. देवीनं तिला वाचवलं का? मग सुमीला का नाही? मला ठाऊक नाही, आणि विचारायचा माझा अधिकार मी त्या सकाळी तक्ता भरताना घालवून बसलो. पण ती म्हातारी माझ्याच शेजारी येऊन बसली, एवढं खरं आहे. त्याबद्दल मी रोज हात जोडतो.

निवृत्त होईपर्यंत दर खांडेनवमीला मी त्या पेटीवर फूल ठेवत आलो, पेटी सुरू असताना. झाकणावर तळहात ठेवला की आतली घरघर हाताला लागायची. पूर्वी मी म्हणायचो, आई, सांभाळून घे. तेव्हापासून म्हणतो, आई, मला लपू देऊ नकोस.