एका भावकीची चूल

कारंज्याहून थोडं पुढे आलं की हायवेला लागूनच माझी रोटीची चूल आहे. लंबी रोटी, म्हणजे मडकं पालथं घालून त्यावर भाजायची, रुमालासारखी पातळ. कणीक इतकी सैल भिजवायची की ती हातावरून वाहायला बघते, मग तिला दोन्ही हातांवर झुलवत झुलवत कोपरापर्यंत लांबवायची. ढाब्यांना रोज आमच्याच रोट्या जातात, लग्नसराईत लग्नघरांना. करणाऱ्या आम्ही चौघी, मी आणि माझ्या तिघी जावा.

कोरोनात ढाबे बंद झाले आणि चूल थंड पडली, तेव्हापासून मी घाबरट झाले म्हणा की शहाणी झाले म्हणा. मुलगा नागपूरला नोकरीवर आहे, तो फोनवर सांगायचा, आई, प्रत्येक गोष्टीचा प्लॅन बी पाहिजे. मला ते पटलं. मडकं ऐन वेळी तडकतं, म्हणून कुंभाराकडून जास्तीची आणून, आधीच तापवून-मुरवून ठेवली. लाकडं टिनाखाली रचली. लाइन जाते म्हणून गहू वेळेआधी दळून आणायचा. हायवेवर ट्रक आडवा झाला तर पांदणीतून, शेतामधल्या वाटेनं, निघेल असा ऑटोवाला सांगून ठेवला. धाकटी जाऊ मला चिडवायची, "जाऊबाई, तुमी त सूर्य नाई निंघाला तरी दुसरा आणून ठेवसान."

एवढं सगळं केलं, आणि अडलं कुठे ते ऐका.

तळेगावची एक बाई मुलीच्या लग्नाची रोटी सांगायला आली. तिला नवरा नाही, लग्न सगळं एकटीनं उभं केलेलं. नवरदेवाकडच्यांनी मागणं असं काही केलं नव्हतं, फक्त पंगतीला वांग्याची भाजी आणि लंबी रोटी पाहिजे म्हणाले होते. तेवढ्याच एका गोष्टीची तिला धास्ती. जाताना माझा हात धरून म्हणाली, "बाई, रोटी कमी पडली त पोरीले जन्मभर ऐका लागन." मी म्हटलं, माझा शब्द आहे, निवांत राहा.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी आमचे चुलत सासरे गेले.

पिकलं पान होतं. हिवाळाभर खाटेवर होते, मी स्वतः त्यांना पेज पाजून येत होते. भावकी एक, म्हणून सुतक आम्हा चौघींनाही आलं. सुतकातल्या बाईनं लग्नाच्या अन्नाला हात लावायचा नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक. मडकी तयार, लाकडं कोरडी, पीठ दळलेलं, आणि हात लावायला एकही बाई नाही. चौघीच्या चौघी एकाच घरच्या सुना निवडल्या मी. विश्वासाच्या म्हणून निवडल्या, आणि तीच चूक झाली. बरं, म्हातारं माणूस आजारी आहे हे दिसत नव्हतं असंही नाही. पण जित्या माणसाच्या मरणाचा बंदोबस्त कोण करतं? तसा विचार मनात आला तरी आपण जीभ चावतो.

मौतीवरून आल्यावर आंघोळ केली आणि तळेगावला फोन लावला. खरं ते सांगून टाकलं. त्या बाईनं आधी कोण गेलं, कसं गेलं ते विचारलं. मग म्हणाली, "मले चालते तुमचं सुतक. पण नवरदेवाकडचे ऐकतीन का?" मी म्हटलं, माझ्या चुलीवरूनच रोटी येईल, पण हात दुसऱ्यांचे असतील.

म्हणून बसले खरी, पण दुसरे हात आणायचे कुठून? गावात अर्धी घरं आमच्याच भावकीची. लेकीला फोन केला. ती आष्टीकडे दिलेली. लेक दिली की सुतक तिच्या सासरचं, या सुतकाचं तिला बंधन नाही. ती म्हणाली, येतो. मग आवाज बारीक करून म्हणाली, "पण एकटीनं नाई होत आई. माह्या सासूले येते."

येते, हे मला माहीत होतं. लेकीच्या लग्नात भर पंगतीत याच विहीणबाईंनी आमच्या रोटीला तरट म्हटलं होतं. तेव्हापासून सणावाराचा नमस्कार तेवढा होता. पण गरज माझी होती. फोन केला, म्हटलं इहीणबाई, अडली मी. पलीकडून आवाज आला, "आज आठवली का इहीण? येतो. पण मडकं मी पसंत करीन."

तिसरी शेजारची गोंडाची सून, आमच्या भावकीतली नाही, म्हणून सुतकही नाही. मजुरीला जाते, भाकर हातावर सुरेख थापते, पण ही रोटी तिनं कधी केली नव्हती. तिलाही बोलावलं. कोण कोण करणार ते नवरीच्या आईला फोनवर सांगितलं, मागून बोल नको म्हणून. ती म्हणाली, "हात धुतले म्हंजे झालं. कोणी काई म्हणलं त मी पाहून घेतो."

उजाडायला चूल पेटली. मी जावांसोबत दूर निंबाखाली बसलेली, कशाला शिवायचं नाही. पण बसवतं का? पाणी घाला, जाळ ओढा, पदर सांभाळा, माझं चालूच. विहीणबाई वळूनही न बघता म्हणाल्या, "तोंडाले सुतक नाई वाटते तुमच्या." माझ्या जावा पदरात तोंड लपवून हसल्या, मौतीचं घर समोरच होतं म्हणून.

शेजारणीच्या पहिल्या रोट्या फाटल्या. विहीणबाईंनी तिला रागावलं नाही, फाटलेली बाजूला टाकून दुसरा गोळा हातात दिला. थोड्या वेळानं तिचीही लांबायला लागली. लेक भाजायची आणि घडी घालायची. टोपल्या भरल्या, धुतलेल्या धोतरात बांधून ऑटोत चढल्या. मी तिकडे पाहत राहिले. दुपारी नवरीच्या आईचा फोन आला. पंगत उठली होती. रोट्या उरल्या, म्हणाली, आणि रडायलाच लागली.

सुतक फिटल्यावर मी दुसरी चूल मांडली. शेजारीण आणि तिची नणंद, दोघींना कायमचं घेतलं, आणि लग्नसराईत विहीणबाई येतात. काम वाटलं गेलं, जावांच्या वाट्याचे दिवस थोडे कमी झाले. धाकटी चिडवणारी होती ना, तिला लागलं. "म्हंजे आमी परक्या झालो का आता?" मी म्हटलं, "परकी नाई व. आपलं रडणं एकाच दिवशी येते, म्हणून." ती काही दिवस माझ्याशी फटकूनच होती. पुढे पावसाळ्यात शेजारणीच्या घरी मौत झाली, तेव्हा धाकटीच न सांगता पहाटे दोन्ही चुली पेटवून बसली होती.

आता कोणाच्या घरी कोण थकलेलं आहे, हे मी मनात धरून असते. तोंडानं बोलत नाही. सकाळी जाऊन खाटेपाशी बसते, तब्येत कशी आहे विचारते. बरं आहे म्हणाले की खरंच बरं वाटतं, आणि मग घरी येऊन पीठ भिजवायला घेते.