आकडे नसलेला कॅलिपर

माझा राग नाकावर असतो, हे आमच्या गल्लीत कोणीही सांगेल. पण त्या दिवशी मी हत्यारांच्या दुकानदारावर भडकले, त्यात त्या बिचाऱ्याची काही चूक नव्हती.

"ताई, मापं घ्यायला डिजिटल कॅलिपर घ्या. आकडा समोर दिसतो, डोक्याला ताप नाही," एवढंच तो म्हणाला होता.

आकडा समोर दिसून काय उपयोग? आमच्या ह्यांच्या डोक्यात तो टिकतच नव्हता.

हे सुतार, आणि मी लेथवर, लोखंडाच्या कामावर. जन्मभर आमची यावरून जुंपायची. मी केसाएवढ्या फरकासाठी जीव काढणारी, आणि हे म्हणायचे, "अगं, लाकूड दमट हवेत फुगतं, तुझ्या केसाला विचारतंय कोण?" पण यांनी बसवलेलं दार कधी घासलं नाही, हे मलाही कबूल करावं लागायचं.

गेल्या वर्षीपासून ह्यांना मापं आठवेनाशी झाली. खुर्चीचा पाय मोजायचे, लाकडापाशी जायचे, तोवर आकडा गेलेला. पुन्हा मोजायचे, पुन्हा तेच. कागदावर लिहून ठेवला, तर तो आकडा कशाचा हे कळेना. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की हे वाढतच जाणार, जमेल तोवर काम करू द्या. मी हट्टालाच पेटले. काहीही होवो, यांचं काम सुटू द्यायचं नाही.

म्हणून दुकानात एकेक कॅलिपर हातात घेऊन पाहत होते. व्हर्निअर माझ्या रोजच्या वापरातला, पण दोन पट्ट्यांवरच्या रेघा जुळवून वाचणं आता ह्यांच्याच्यानं होणार नव्हतं. डायलवाला नाजूक, आत भुसा गेला की काटा अडकणार. शेवटी खालच्या खणात एक साधा, जुन्या धाटणीचा सापडला. दोन वाकडे पाय, एक स्क्रू, आणि एकही आकडा नाही. वस्तूला लावायचा, स्क्रू आवळायचा, आणि तेवढंच अंतर उचलून लाकडावर न्यायचं. लक्षात ठेवायला काही नकोच.

आणि जमलं की हो! ह्यांनी त्यानं मापं घेत अख्खी खुर्ची केली. तिच्यावर बसून दाखवलं, मलाही बसवलं, आणि म्हणाले, "बघ, अजून मेलो नाही मी." मी हसले, पण स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले.

मग एके दुपारी हे दारात येऊन उभे राहिले. हातात आवळलेला कॅलिपर.

"हे कशाचं गं?"

"सापडेल हो, बघू या," म्हणत मी उठले. स्टुलाच्या पायाला लावला, सैल. खुर्चीच्या दांड्याला लावला, बसेना. रंध्याची मूठ, टेबलाची कड, झाडूचा दांडासुद्धा सोडला नाही. दोघं घरभर फिरून परत ह्यांच्या कामाच्या खोलीत आलो. ते अंतर कशालाच बसलं नाही.

"माप बरोबर आहे. मी चुकीचं घेत नाही," हे म्हणाले.

"नाहीच घेत."

"मग माझंच काहीतरी हरवलंय."

त्यांनी स्क्रू सैल केला आणि कॅलिपर माझ्या हातात दिला. मी म्हटलं, "उद्या बघू हो. आज दमलात."

"नको. आज मला कळतंय मी का थांबतोय. उद्या तेही कळायचं नाही. आज थांबू दे मला."

भांडण्यात मला कोणी हरवलेलं नाही, पण त्या दिवशी मी हरले. तिथेच भुशात बसले आणि ढसाढसा रडले. हे शेजारी बसले, माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिले. बराच वेळ. मग वाकून माझ्या तोंडाकडे बघत त्यांनी अगदी काळजीनं विचारलं, "काय झालं गं? का रडतेस?"