डक्टला जोडलेला कूलर

“मॅडम, अब सीलिंग मत खुलवाइए. कल ही पेंट हुआ है,” बिल्डर बन्सलजी खालून सांगत होते. मी शिडीवर होते. फॉल्स सीलिंगच्या वर टॉर्च मारला तर डक्टचा उघडा पत्रा चकचकत होता.

सदर बाज़ारच्या मागे बन्सलजींनी चार मजली इमारत उठवली होती. घरांसाठीच्या ऊर्जा संहितेत ती बसते की नाही हे तपासून सही करायचं काम माझं. ही संहिता म्हणजे काही ब्रह्मविद्या नाही. बाहेरची उष्णता आत कमी शिरावी आणि आत केलेला गारवा वाया जाऊ नये, एवढंच तिचं म्हणणं. त्यासाठी छतावर इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर घालायचा. डक्ट म्हणजे एसीची हवा खोल्यांत नेणारा पत्र्याचा बोगदा. त्यालाही वरून गोधडीसारखं इन्सुलेशन गुंडाळायचं. आमच्या झाशीत मे महिन्यात स्लॅबखालची पोकळी भट्टीसारखी तापते. तिथून उघडा डक्ट नेला तर खोलीत पोचेपर्यंत हवा कोमट होते.

बन्सलजींनी इन्सुलेशन गुंडाळलं होतं, पण तपासणीच्या झाकणातून दिसेल तेवढंच. पुढे सगळं नागडं. जोडांवर कागदी टेप.

“पूरा लगवाइए. नहीं तो साइन नहीं करूँगी.”

“अरे मॅडम, अंदर कौन देखता है?”

“मैं देख रही हूँ ना.”

मी एवढी हटून बसले त्याला कारण होतं. वरच्या मजल्यावरचं हे घर नानांनी घेतलं होतं. नाना रेल्वेतले रिटायर्ड गार्ड, माझ्या वडिलांचे दोस्त. त्यांच्या बायकोला, काकूंना, दमा. लू, म्हणजे उन्हाळ्यातले तापलेले वारे, सुरू झाली की त्यांची छाती भरायची, आणि दमट हवा तर त्यांना विषासारखी. डॉक्टरांनी सांगितलं होतं, कोरड्या, गार खोलीत ठेवा, नाहीतर पुढचा उन्हाळा कठीण आहे. घर त्यासाठीच घेतलेलं.

बन्सलजी बराच काळ कुरकुरले, पण शेवटी काम झालं. डक्ट पूर्ण गुंडाळला. एसीच्या मशीनजवळ डक्टच्या आतूनही लोकरीसारखं अस्तर लावलं, आवाज कमी व्हावा म्हणून. खिडक्यांना रबर बसवलं. मी पुन्हा शिडीवर चढून सगळं पाहिलं आणि सही केली. नानांना समोर बसवून सांगितलं, “नाना, खिडक्या बंद ठेवा आणि एसी चालवा. या डक्टला दुसरं काहीएक जोडू नका.” नानांनी मान डोलावली. त्यांनी ऐकलं असं मला वाटलं.

सुरुवातीला काकू खुशीत होत्या. मग ऐन उन्हाळ्यात नानांचा फोन आला. “काकूला ॲडमिट केलंय. ये, आणि तुझं काम बघून जा.”

दार उघडताच कुबट वास आला. भिंतीला हात लावला तर ओलसर. मी तडक गच्चीवर गेले. तिथे कपाटाएवढा कूलर उभा होता आणि त्याचं तोंड ताडपत्रीची नळी लावून थेट डक्टला जोडलेलं होतं.

कूलरची हवा ओली असते. ती बाहेर पडायला खिडक्या उघड्या लागतात. एसीच्या घराला त्या बंद लागतात. या बंद घरात कूलर रात्रंदिवस ओली हवा कोंबत होता. मी डक्ट उघडवला. आतलं अस्तर भिजून काळं पडलं होतं, त्यावर बुरशी. काकू तीच हवा छातीत घेत होत्या.

“हे कोणी केलं?”

“मीच,” नाना म्हणाले. “मिस्त्री बोलला, डक्ट तो है ही बाबूजी, कूलर लगा देते हैं. एसीची हवा मला सोसत नाही गं. जन्म गेला माझा कूलरपुढे. खसचा, त्या ओल्या वाळ्याचा वास आला नाही तर झोप लागत नाही.”

“अहो, मी बजावून सांगितलं होतं.”

“सांगितलं असशील. पण डक्टमध्ये ती लोकर कोणी घातली? नुसता पत्रा असता तर सडला असता का?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोरड्या हवेत ती लोकर सडली नसती, पण दवाखान्यात बायको असलेल्या माणसाला काय सुनावणार?

बन्सलजींना आयतंच कोलीत मिळालं. इमारतीतल्या सगळ्यांना गोळा करून म्हणाले, “हम तो पहले ही मना कर रहे थे. मॅडम की ज़िद थी.” लोकांनी माना डोलावल्या. आठवड्याभरात सगळ्या घरांतलं इन्सुलेशन उपटून ट्रॉलीत भरलं गेलं. प्रमाणपत्र मात्र त्यांच्या ऑफिसात फ्रेम करून लटकलेलं आहे, माझ्या सहीसकट. ते रद्द करा म्हणून मी मंजुरी देणाऱ्या सरकारी ऑफिसात दोनदा जाऊन भांडले. “अब बिल्डिंग तो पास हो गई ना, मॅडम,” असं ऐकून परत आले. त्यांच्या पुढच्या इमारतीवर दुसऱ्यानेच सही केली. तो शिडी चढला नाही म्हणतात.

काकू वाचल्या, पण त्या घरात परतल्या नाहीत. मुलगी त्यांना इंदूरला घेऊन गेली. नाना वरच्या मजल्यावर एकटे राहतात, खिडक्या सताड उघड्या टाकून.

दिवाळीनंतर काकूंचा फोन आला. आवाज बारीक झालेला. म्हणाल्या, “अगं, पहिले काही दिवस त्या घरात काय झोप लागली होती मला. किती वर्षांनी छाती मोकळी झाली होती. इतकं छान चाललेलं, मग तू ते का बदललंस?”

कूलर मीच जोडायला लावला असं नानांनी त्यांना सांगितलं होतं, ते मला तेव्हा कळलं. खरं जिभेवर आलं होतं. पण त्या आजारपणात बाईला नवऱ्याचा आधार तेवढाच उरलेला. मी म्हटलं, “काकू, औषध वेळेवर घेता ना?”

आता नवं घर तपासायला गेले की छत, भिंती, डक्ट नंतर बघते. आधी विचारते, जुना कूलर कुठे आहे? ठेवलाय म्हणाले तर सांगते, भंगारवाल्याला देऊन या, मग बोलू. बहुतेक लोक परत येत नाहीत.