मार्क आधी आला

हे लिहायचा मला अधिकार आहे का, ठाऊक नाही. कॉलेजात गेलेला घरातला मी पहिलाच, आणि आठवणी मोठ्या माणसांनी लिहायच्या असतात असंच मी समजत होतो. शिवाय ज्या धर्माबद्दल बोलणार आहे तो माझा नाही, आणि त्याचा अभ्यासही मी एकच सेमिस्टर केला आहे. तेव्हा आधीच माफी मागतो. पण तेव्हा मी इतका हसलो की सांगितल्याशिवाय राहवत नाही.

कॉम्प्युटरच्या डिग्रीसाठी इतिहासाचा एक कोर्स सक्तीचा होता. मी ख्रिस्ती धर्माच्या सुरुवातीवरचा घेतला, कारण त्याची वेळ काकांच्या गाडीला जुळत होती. अमेरिकेत, मिशिगनमधल्या ट्रॉयला ज्या काका-काकूंच्या बेसमेंटमध्ये मी राहतो, ते काका मला वाटेत सोडत. वाटलं होतं, प्रवचनासारखं काही असेल. निघालं भलतंच. आमच्या प्राध्यापिका मार्क, मत्तय आणि लूक यांनी लिहिलेली येशूची तीन चरित्रं शेजारी शेजारी ठेवायच्या आणि विचारायच्या, यात कुणी कुणाचं पाहून लिहिलंय? म्हणजे चक्क परीक्षेतली कॉपी पकडायची! मला वेडच लागलं. ज्यांचा टर्म पेपर, म्हणजे सेमिस्टरअखेरचा मोठा निबंध, चांगला होईल अशा सहा जणांना त्या आपल्या रिसर्च ग्रुपमध्ये घेणार होत्या. मला ती जागा हवी होती. इतकी, की बोलून दाखवायचीही भीती वाटे.

आई नागपूरला शाळेत खिचडी शिजवते. तिचा फोन आला तेव्हा इथे मध्यरात्र होती, तिच्या मागे पोरांचा गलका चालला होता. आज काय शिकलास, असं तिने विचारलं आणि मी भरात सांगून टाकलं, "आई, मार्क सगळ्यांच्या आधी आला. मत्तय आणि लूक मागून आले."

"शाब्बास बाबू," म्हणून तिने फोन ठेवला. मला वाटलं, तिला विषय आवडला.

तीन दिवसांनी काकू हातात फोन घेऊन जिना उतरल्या. "अमेरिकेत पहिला आलास म्हणे. आणि सिंकमधली भांडी तशीच?"

त्यांच्या फोनवर आमच्या नागपूरच्या वस्तीतल्या विहाराच्या ग्रुपचा मेसेज होता, मैत्रिणीने पुढे पाठवलेला. मी घरचा ग्रुप उघडला. तिथे आधी मामाचा मेसेज सापडला, मग मावशीचा. मामाने लिहिलं होतं, 'आपला भाचा मिशीगाव अमेरीका वर्गात पयला'. मावशीने 'पयला'चं 'पहिला' केलं आणि वर्गाचं कॉलेज. विहाराच्या सेक्रेटरींनी 'आपल्या विहाराचा विद्यार्थी' संपूर्ण अमेरिकेतून प्रथम आणला. पण मिशिगनचं मिशीगाव तिघांकडेही तसंच होतं. आणि सेक्रेटरींच्या त्या भारदस्त मजकुराच्या शेवटी, मामाच्या मेसेजमधलं 'मामा म्हणून ऊर भरून आला' हेही जसंच्या तसं उतरलं होतं.

मी भांड्यांच्या ढिगाऱ्यासमोर उभा राहून हसत सुटलो. हेच तर आम्ही वर्गात केलं होतं. मार्क हेरोद नावाच्या अधिपतीला राजा म्हणतो, पण तो होता नुसता मांडलिक. मत्तय ते सुधारून घेतो आणि थोड्याच ओळींनी, बहुधा विसरून, पुन्हा राजा लिहितो. समोर मार्कचं पुस्तक होतं ना! जे ओबडधोबड, तेच बहुतेक जुनं. आणि तीन मेसेज म्हणजे तीन साक्षीदार नव्हेत. साक्षीदार एकटा मामा, आणि त्यालाही सांगणारी आई.

प्राध्यापिकांना हे सांगताना माझी जीभ अडखळत होती. हसता हसता त्यांना चष्मा काढावा लागला. म्हणाल्या, पेपरची सुरुवात यानेच कर. मग विचारलं, "आणि आईला खरं सांगितलंस?"

नव्हतं सांगितलं. पेपर देऊन टाकला आणि त्याच रात्री फोन लावला. आईने सगळं ऐकून घेतलं.

"मंग हा मार्क कोण? मी तर तुझे परीक्षेचे मार्क समजले."

मी सांगितलं.

"म्हणजे मत्तयने त्याची कॉपी केली?"

"हो."

"सापडला?"

"सतरा-अठराशे वर्षांनी."

"सापडला ना," आई समाधानाने म्हणाली. "मला वाटलं होतं, हा मत्तय तुझ्या वर्गातला केरळचा पोरगा असेल." मग मी त्या सहा जागांचंही सांगून टाकलं, तेव्हा हळूच म्हणाली, "त्या सहा जणांचं कळेपर्यंत मामाला काही सांगू नको. त्याने ऑफिसात पेढे वाटले."

पुढचे बारा दिवस मी मेल किती वेळा उघडली ते सांगत नाही. काकूंनी एकदा फोन काढून घेऊन पिठाच्या डब्यावर ठेवला. शेवटी प्राध्यापिकांची मेल आली तेव्हा मी ग्रोसरीच्या दुकानाबाहेर, काकूंची कोथिंबीर काखेत धरून, बर्फात उभा होतो. मेलमध्ये दोन ओळी होत्या आणि खाली यादी. सहा नावं, आडनावाच्या अक्षराप्रमाणे लावलेली.

पहिलं माझं होतं.