केशरबाईंचा हातगुण
अनसिंगच्या केशरबाईंनी तीनशेवर बाळंतपणं केली, आणि त्यांतल्या एका बाळानं त्यांना बावीस वर्षं सुखानं झोपू दिलं नाही. ते त्यांच्याच लेकीचं, मंजुषाचं. संघपाल जन्मला तेव्हा रडलाच नाही. केशरबाईंनी पाठ चोळली, कानाशी थाळी वाजवली. मग कुठं आवाज फुटला. पुढं पोरगं बोलेना, नजर देईना, नुसते हात फडफडवी. मंजुषा एकदाच म्हणाली, "माय, तूच उशीर केला," आणि मालेगावहून माहेरी येणं तिनं बंद केलं. ज्यांची चार-चार पोरं केशरबाईंनी सुखरूप काढली, त्या गावानंही हातगुण गेला म्हणून त्यांना टाकलं. मला अजून संताप येतो. आजही घरात ताट पडलं की केशरबाई थिजतात आणि बाळाच्या रडण्याची वाट बघत उभ्या राहतात.

अशा मुलांच्या आजाराचं कारण रक्तात शोधणाऱ्या पथकात मी काम करते. घरोघरी जाऊन वंशवेल काढायची. बाईला गोल, पुरुषाला चौकोन. संघपालच्या आजोळची माहिती घ्यायला मी केशरबाईंकडे गेले, तर त्या सहज बोलून गेल्या, "माहा मोठा भाऊ बी असेच हात फडफडवे. लोकं भोळा म्हनत त्याले."

केशरबाई, मंजुषा आणि संघपाल, तिघांचं रक्त तपासलं. दोष जनुकात निघाला, बायकांत बहुधा लपून राहणारा. केशरबाईंकडून मंजुषाकडे, तिच्याकडून संघपालकडे आलेला. उशिराचा, हाताचा काही संबंध नव्हता. मी नाचतच केशरबाईंना सांगायला गेले. मूर्ख कुठली!

"म्हंजे मंजुषाले समजन का तिच्यापासून आलं?" केशरबाई म्हणाल्या. "नको सांगू वो बाई. माह्या हातावरच राहू दे. मले सवय हाये."

"आजी, संस्कृतीले तिसरा महिना हाये," मी म्हणाले.

संस्कृती ही संघपालची बहीण. दोष तिच्यातही असू शकतो, पोटातल्या बाळातही. तपासणी आत्ताच हवी होती, आणि कारण सांगणं भाग होतं.

केशरबाईंनी माझ्या फोनकडं बोट केलं. मग म्हणाल्या, "मंग मीच सांगतो."

मी मंजुषाला फोन लावून स्पीकरवर टाकला. भावापासून सुरुवात करून त्यांनी सगळं सांगितलं. मंजुषानं मधे एकदाही तोडलं नाही.

"माय," ती शेवटी म्हणाली, "मी तर तुले टाकलं. आता संस्कृतीले कसं सांगू? थे बी मले अशीच टाकून देईन."

केशरबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी वंशवेलीत संस्कृतीच्या गोलावर बोट ठेवलं.