रोवण्याच्या गाण्यातली घटना

रोवण्याच्या बांधीत, म्हणजे भातलावणीच्या खाचरात, दहा बाया वाकल्या की किस्से पायाच्या चिखलासारखे चिकटतात. घरी धुतले तरी नखात राहतातच! नवेगाव बांधच्या बाजूला आमचं गाव. वनहक्काचा कायदा आला, तेव्हाचे हे किस्से. जंगलावर गावानं दावा टाकला होता, आणि तो मंजूर व्हायच्या आधीच आम्ही जंगलाचे नियम करून ठेवले.

*

ही अक्कल रिटायर्ड गुरुजींची. विहाराच्या ओट्यावर ते आम्हाला वाचून दाखवत. इंडोनेशिया नावाच्या देशानं स्वातंत्र्य पुकारलं आणि दुसऱ्याच दिवशी घटना मंजूर केली. मग डच गोरे बंदुका घेऊन परत आले, चार वर्षं लढाई!

"जिंकायच्या आधीच घटना? काऊन जी?" मी विचारलं.

गुरुजींच्या आधी सगुणाबाईच बोलली, "लगन लागायच्या आधीच सांगून ठेवा लागते, भांडे कोण घासन!"

रोवताना गाणं उचलणाऱ्या जिराबाईचा प्रश्न वेगळाच. "अन् गोऱ्यानं तो कागद जाळला असता तं?"



*

आमची सभा बसली. बायांचा कोरम भरल्याशिवाय सभा चालत नाही. पुरुषांनी शॉर्टकट काढला, "कोऱ्या कागदावर आंगठे द्या अन् घरी जा. आम्ही लिहून घेतो."

जिराबाईनं आंगठा पदरात लपवला. "आंगठा माझा, तं वरचं लिखाण बी माझं!"

चौथा नियम तिनंच सांगितला, गुरुजींनी रजिस्टरात लिहिला: सभेला विचारल्याशिवाय मोहाच्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही.

*

पहिला गुन्हेगार कोण? गुरुजी! शेळीसाठी मोहाची फांदी तोडली.

"अहो, तो नियम मीच लिहिला ना!"

"मंग तं डबल दंड," सगुणाबाई म्हणाली. रोवणाऱ्या बायांना एक नाही, दोन दिवस पाणी पाजायचं.

*

गुरुजी घागर घेऊन बांधीच्या कडेला धुऱ्यावर उभे, तेवढ्यात वनखात्याचे एक साहेब आले. त्यांना मोहाची झाडं तोडायची होती. "दावा मंजूर नाही, तं नियम कायचे?" म्हणत गुरुजींच्या पिशवीतलं रजिस्टर उचललं, आमच्या आंगठ्यांसकट जीपमध्ये टाकलं.

जिराबाईनं मान वर केली नाही. गाणं उचललं. सभा झाल्यापासून ती रोज एक नियम रोवण्याच्या चालीवर बसवून राहिली होती. पहिला झाला, दुसरा, तिसरा. आम्ही मागून सूर ओढत होतो.

चौथा, मोहाचा, आला तसे साहेब ओरडले, "ओ बाई, तो चौथा काढून टाका!"

जिराबाईनं हातातलं रोप चिखलात खोचलं.

"काढा ना साहेब. पॅन्ट वर करा अन् उतरा बांधीत!"